पेशीचे भाग घरच्या घरी बघायचेत? कांदा लालच घ्या

पेशीच्या आकृतीला नावं द्या म्हटलं की आठवीतली पोरं धडाधड देतात, पण पेशीभित्तिका (बाहेरची भिंत) आणि प्रद्रव्यपटल (तिच्या आतलं पातळ आवरण) यात फरक काय असं विचारलं की गाडी अडते. त्यात त्यांची चूक नाही, आकृतीत त्या दोन रेघा एकमेकींना चिकटूनच असतात. मायक्रोस्कोपखाली मात्र त्या वेगळ्या होताना चक्क दिसतात आणि त्याला लागतं काय, तर कांदा, मीठ आणि पाणी.

मायक्रोस्कोप शंभरपट मोठं दाखवणारा असला तरी चालतो, मनू प्रकाश यांच्या टीमने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप असेल तर तोही चालेल, तो १४० पट दाखवतो.

आधी सोपं काम. कांद्याची जाड पाकळी घ्या, तिचा तुकडा आतल्या बाजूला वाकवून मोडा, आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा लोंबकळतो तो चिमट्याने ओढायचा. स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, घडी पडू द्यायची नाही. वरून आयोडीनचा थेंब, नसेल तर बेटाडिन चहासारखं दिसेपर्यंत पाण्यात पातळ करून (सोल्युशन हां, मलम नाही). कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) धपकन टाकू नका, एक कड टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या कडेचा तो गोल बघून पोरं "केंद्रक दिसलं!" म्हणून ओरडतात.

खरं केंद्रक पिवळट-तपकिरी ठिपक्यासारखं असतं आणि बऱ्याचदा एका कडेला दाबलेलं दिसतं, कारण मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने खाल्लेली असते. डीएनए केंद्रकात असतो, पेशीने कुठलं प्रथिन कधी बनवायचं ते तिथून ठरतं. रिक्तिका पाणी आणि विरघळलेले पदार्थ साठवते, तिच्या दाबामुळेच पेशी टणक राहते. हरितलवक शोधत बसू नका, कांदा जमिनीत वाढतो, पाकळीत ते नसतातच.

आता मुख्य गंमत. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची बाजू घ्या, जांभळी असते ती. ब्लेडने हलकीशी चीर द्या (हे मोठ्यांनी करायचं) आणि पापुद्रा ओढा, हा जरा चिवटपणा करतो. यावेळी आयोडीन नको, तो जांभळा रंग रिक्तिकेतलाच आहे त्यामुळे रंगवायची गरजच नाही. साध्या पाण्यात आधी बघून घ्या, रंग भिंतीपर्यंत काठोकाठ भरलेला दिसेल. मग अर्धा कप पाण्यात एक छोटा चमचा मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर लावा, मिठाचं पाणी आपोआप आत ओढलं जातं. डोळा काढू नका!

काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो आणि आकसत आकसत मध्ये गोळा होतो, भिंतीची चौकट मात्र जागची हलत नाही. त्या गोळ्याची बाहेरची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. ते पाण्याला सहज जाऊ देतं पण मिठाला अडवतं, म्हणून कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं पेशीतलं पाणी बाहेर पळतं. भित्तिका सेल्युलोजची, ती आकार देते पण राखण करत नाही, मीठ तिच्यातून आरामात आत येतं आणि मधली रिकामी जागा भरतं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे बघितलं ते या चौकटीच होत्या, आतलं कधीच मेलेलं होतं.

लगेच त्याच टिश्यूच्या युक्तीने साधं पाणी आत सोडलं तर गोळा परत फुगतो. फार वेळ मिठात राहिला आणि रंगच बाहेर पसरला तर समजा पटल गेलं, पेशी मेली, नवीन पापुद्रा घ्या.

हरितलवकांसाठी मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची काडी आणा, पान इतकं पातळ असतं की कापायची भानगड नाही, पाण्याच्या थेंबात तसंच ठेवायचं. हिरवे दाणे म्हणजे हरितलवक, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे. उजेडात थोडा वेळ ठेवलेलं पान असेल तर ते दाणे भिंतीच्या कडेकडेने रांगेत फिरताना दिसतात, म्हणजे खरं तर पेशीद्रव्य (पेशीतला दाटसर द्रव) वाहत असतं आणि दाणे त्याच्याबरोबर जातात. ४०० पट असेल तर हे बघायला मजा येते.

तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी केंद्रं, पण त्या खास रंगाशिवाय दिसत नाहीत. प्रथिनं बनवणारे रायबोसोम तर २०-३० नॅनोमीटरचे, साधा मायक्रोस्कोप २०० नॅनोमीटरच्या आसपासच हात टेकतो, त्यामुळे तिथे पुस्तकातल्या आकृतीवरच भागवावं लागतं.