अ‍ॅम्फोटेरिसिन समजून घेताना आणि देताना या चुका टाळा

"औषध बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतं, म्हणून बुरशी मरते." सांगलीत फार्मसीच्या मुलांना शिकवते, आणि 'अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध कसं काम करतं?' या प्रश्नाला दर वर्षी उत्तरपत्रिकांत हे वाक्य येतंच. अगदी चूक म्हणता येत नाही, पण पुरते मार्कही देववत नाहीत.

त्यात एर्गोस्टेरॉल राहून जातं. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल; दोन्ही स्टेरॉल, म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू. अ‍ॅम्फोटेरिसिन बी एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं. त्याच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरून राहणारी, दुसरी पाण्यापासून पळणारी. हादग्याला आपण फेर धरतो ना, तसे साधारण आठ रेणू स्टेरॉलला सोबत घेऊन पटलात गोल उभे राहतात: पाठ चरबीकडे, पाणी आवडणारी बाजू आत. मधल्या पोकळीतून, म्हणजेच वाहिनीतून, पोटॅशियमचे आयन बाहेर वाहून जातात. जिवाणूंच्या पटलात बहुधा स्टेरॉलच नसतं, म्हणून त्यांच्यावर हे औषध चालत नाही.

तासगावकडची, द्राक्षबागायतदारांची मुलं हे पटकन पकडतात. द्राक्षाच्या भुरी रोगावर चालणारं हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक डाऊनी रोगावर मारून उपयोग नाही, हे त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत असतं. डाऊनीचा जीव खरी बुरशी नाहीच, तो एर्गोस्टेरॉल बनवत नाही. पण मग तीच मुलं हेक्साकोनॅझोल किंवा माणसांना देतात ते फ्लुकोनॅझोलही वाहिनी तयार करतं असं लिहून मोकळी होतात. ही औषधं एर्गोस्टेरॉल बनूच देत नाहीत. वाहिनीशी त्यांचा संबंध नाही.

आणि वाहिनी झाली म्हणूनच बुरशी मेली, असंही छातीठोकपणे लिहू नका. इलिनॉय विद्यापीठात मार्टिन बर्क यांच्या गटाने २०१२ मध्ये अ‍ॅम्फोटेरिसिनच्या रेणूतला एकच हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढला. वाहिन्या बनणं थांबलं, यीस्ट तरीही मेलं. एर्गोस्टेरॉल पकडलं जाणं हाच मोठा घाव, आयनांची गळती ही त्यावरची भर. मला स्वतःला हे वाचून पाठ्यपुस्तकातली आकृती पुन्हा नव्याने शिकवावी लागली.

आता वॉर्डातली चूक. आपल्याकडे कुठलीही बाटली लावली की तिला 'सलाईन' म्हणतात. अ‍ॅम्फोटेरिसिन मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलं तर पिवळं द्रावण बघता बघता गढूळ होतं, साका धरतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. किडनी जपायला आधी सलाईन देतात ते वेगळं. त्यानंतर तीच नळी वापरायची तर आधी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची. साधं आणि लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं) यांत गल्लत तर जिवावर बेतते: साध्याचा डोस दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही, लायपोसोमलचा ३ ते ५, म्युकरला (काळ्या बुरशीच्या आजाराला) ५ किंवा त्याहून जास्त. बाटलीवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचा.

२०२१ मध्ये माझे मामा म्युकरसाठी मिरजेत दाखल होते. "पोरी, पायात जीवच नाही गं," म्हणाले. पोटॅशियम खाली आलं होतं. हे औषध थोडंफार कोलेस्टेरॉललाही धरतं, त्यामुळे किडनीच्या नलिकांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. पोटॅशियम देऊनही दोन दिवस आकडा हलेना. मॅग्नेशियम तपासून भरून दिलं, तेव्हा वर आला. हे नातेवाइकांनीही विचारायला हरकत नाही.

शेवटचं, ऊसतोडीच्या हंगामासाठी. पाचट डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग झाला की डॉक्टर बहुधा नाटामायसिनचे थेंब देतात. तेही याच कुळातलं, एर्गोस्टेरॉललाच चिकटणारं, पण वाहिनी मात्र बनवत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, पांढरं औषध तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवायची. नाहीतर डोळ्यात जातं ते नुसतं वरचं पाणी. आणि घरात पडलेले जुने स्टेरॉइडचे थेंब अशा डोळ्यात अजिबात घालायचे नाहीत. त्याने बुरशी आणखी खोल जाते.