गव्हाचा मुरघास: कापणीआधीची तयारी

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे ज्यांनी थोडा गहू चाऱ्यासाठी राखलाय, त्यांनी कुट्टी मशीनवाल्याला फोन करण्याआधी एवढं ठरवावं: हा मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, दुभत्या गाईंना घालायचा की भाकड जनावरांना? कापणीचा दिवस त्यावरच ठरतो.

दुभत्यांसाठी असेल तर पोटरीतच, म्हणजे ओंबी पानाच्या पुंगळीत असतानाच कापा. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा पेरा जानेवारीत पोटरीला येतो. त्या दिवसांत रोज शेतात शिरा, बांधावरून बघून काही कळत नाही. शेवटच्या पानाखालची फुगलेली पुंगळी नखाने चिरायची; आत ओलसर, फिकट हिरवी ओंबी पूर्ण लांबीची दिसली की मजूर बोलवा. ओंबी बाहेर पडली की पानांचा वाटा घटतो, काडीचा वाढतो आणि काडीत लिग्निन हा कडक, न पचणारा पदार्थ साचतो. तो तंतूंना असा जखडतो की कोठीपोटातल्या जिवाणूंना ते तंतू फोडता येत नाहीत. चारा पोटात रेंगाळतो, गाय कमी खाते, दूध तुटतं.

सगळ्यात वाईट काळ मधला, फुलोरा ते दुधाळ दाणा. तंतू चिवट झालेले आणि दाण्यात स्टार्च अजून भरलेला नाही. म्हणून पोटरी हुकली तर घाईने विळा लावू नका, दाणा दाबल्यावर मऊ कणकेसारखा लागेपर्यंत थांबा. वजन चांगलं मिळतं. प्रयोगशाळेच्या अहवालात तंतूंची टक्केवारीही उतरलेली दिसेल. त्यावर हुरळू नका, ती दाण्यामुळे उतरते, काडी तशीच चिवट असते. भाकडांना हा माल चालतो. फक्त पूसा तेजससारख्या कठिया (ड्यूरम) गव्हाच्या वाणाची कुसळं तोवर कडक होतात, तोंडाला टोचतात. कुट्टी बारीक हवी.

पोटरीतल्या पिकात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तेव्हा कापून सुकवायला मोकळी जागा आधीच बघा. कुट्टी मुठीत घट्ट दाबा: पाणी ठिबकलं तर अजून ऊन द्या, गोळा हळूहळू सुटला तर खड्डा भरा. तुकडे 1 ते 2 सेंटीमीटरचे. गव्हाची काडी पोकळ, आत हवा राहते, म्हणून थर पातळ आणि ट्रॅक्टर जास्त वेळ फिरवायचा. ताडपत्री, जुने टायर आदल्या दिवशी खड्ड्यापाशी. दोन्ही प्रकारचा माल असेल तर खड्डे वेगळे ठेवा आणि झाकतानाच वर तारखेसकट ‘पोटरी’ किंवा ‘दाणा’ लिहून टाका. दीड महिन्याने उघडताना कोणालाच आठवत नाही.