एंट्रीचा फॉर्म भरण्याआधी: नव्या घोडामालकांसाठी

मी एका ट्रेनरच्या तबेल्यात एंट्रीचं, म्हणजे रेसला घोड्यांची नावं देण्याचं काम बघतो. हिवाळा मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर, पावसाळा पुण्याला, असं माझं वर्ष जातं. पहिल्यांदाच घोड्यात हिस्सा घेतलेली मंडळी फोनवर एकच विचारतात, "आपला घोडा कधी पळणार?" त्यांना मी सांगतो, आधी तो कुठल्या रेसमध्ये बसतो ते बघू, तारीख त्यातूनच निघेल.

सीझनच्या आधी रेस भरवणाऱ्या क्लबचं प्रॉस्पेक्टस निघतं, म्हणजे कुठली रेस कधी आणि कुठल्या अटींवर, त्याचं पुस्तक. ते ट्रेनरचं काम म्हणून बाजूला टाकू नका. पेन्सिल घेऊन बसा आणि सीझनच्या शेवटाकडून सुरुवातीकडे या. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एकदमच वाढतं. म्हणून इंडियन टू थाउजंड गिनीज डिसेंबरात तीन वर्षांच्या घोड्यांची, १६०० मीटरची. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची इंडियन डर्बी चार वर्षांच्यांची, २४०० मीटरची. घोडे मात्र त्याच एका सालचे. तुमचं शिंगरू एप्रिलमधलं असेल, तर जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा ते खरोखरच तीन महिन्यांनी लहान आहे. कागदावर दोघांचं वय एकच. अशा घोड्याला पहिल्या उन्हाळ्यात घाई करू नका.

डर्बीसारख्या रेसची नावं कितीतरी आधी द्यावी लागतात आणि पुढे टप्प्याटप्प्यानं पैसे भरावे लागतात. प्रत्येक टप्प्याला ट्रेनरशी बसून ठरवा, नाव ठेवायचं की काढायचं. "असू दे, बघू" म्हणत राहिलात तर घोडा पळो न पळो, बिल येतंच.

आता मेडन. एकही रेस न जिंकलेल्यांसाठीची ही रेस घोड्याच्या आयुष्यात एकदाच जिंकता येते. दुसऱ्या शहराच्या रेसकोर्सवर जिंकला तरी तो मेडन राहत नाही. म्हणून पहिल्या एंट्रीला अंतर नीट निवडा. लांब पल्ल्याच्या वाणाच्या घोड्याला केवळ तारीख जवळची म्हणून १००० मीटरला घालू नका. पण एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला स्पष्ट सांगतो: निवड करायची ती फॉर्म भरताना. एकदा गेटमध्ये उभा केला की घोडा जिंकण्यासाठीच पळवायचा. रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कामगिरीवरून त्याला मिळालेले गुण, उतरावं म्हणून घोडा मुद्दाम मागे धरून ठेवण्याची भाषा कुणी केली, तर त्या माणसाबरोबर हिस्सा ठेवू नका.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते हँडिकॅपला, म्हणजे ज्या रेसमध्ये जास्त रेटिंगच्या घोड्याला पाठीवर जास्त वजन देतात तिला. क्लास फोर म्हणजे रेटिंग २० ते ४६, क्लास थ्री ४० ते ६६. एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. आता ४० ते ४६ मधला घोडा दोन्हीकडे बसतो, हे नव्या मालकाच्या लक्षातच येत नाही. आमची एक कुमैत (तांबूस तपकिरी) फिली, म्हणजे तरुण घोडी, ४६ वर होती, अंगानं हलकी, हाडं बारीक. क्लास फोरमध्ये ती सगळ्यांत वर, म्हणजे २० वाल्या घोड्यापेक्षा १३ किलो जास्त घेऊन पळणार. क्लास थ्रीमध्ये ६६ वाल्याला ६० किलो आले तर हिच्या पाठीवर ५०. मालकांना क्लास फोर सोपा वाटत होता. आम्ही क्लास थ्रीचा आग्रह धरला, कारण १६०० मीटरला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये क्लास फोरचं ते जास्तीचं वजन तिच्या पायांना नक्की जाणवलं असतं. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. ५० किलोला बसणारे सीनियर जॉकी थोडेच, म्हणून आधी जॉकी ठरवा, मग एंट्री. आणि वरच्या रेटिंगचे घोडे आलेच नाहीत तर सगळ्यांची वजनं वर सरकतात. ५० चे ५४ झालेले मी पाहिलेत. हँडिकॅप लागलं की त्याच दिवशी पुन्हा हिशोब करा.

रेसच्या नावाखालची बारीक ओळ सोडू नका. एका सीझनला मी फक्त रेटिंग बघून एंट्री टाकली. खाली लिहिलं होतं की अमुक तारखेनंतर जिंकलेल्या घोड्यांना ही रेस नाही. आमचा घोडा दहा दिवसांपूर्वीच जिंकला होता. नाव परत आलं, त्याच्या लायक पुढची रेस तीन आठवड्यांनी. तयार घोडा तीन आठवडे त्याच तयारीत ठेवणं काय असतं ते ट्रेनरलाच विचारा. तेव्हापासून मी प्रत्येक अट मोठ्यानं वाचतो आणि समोरच्या माणसाकडूनही एकदा वाचून घेतो.

तारखेचा शेवटचा शब्द घोड्याचाच. क्लास थ्रीच्या त्या रेसमध्ये फिली तिसरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिच्या ठाणात गेलो. सईस, तिची देखभाल करणारा, गव्हाणीत हात घालून उभा होता. ओट तसेच, वर थोडं गवत ओढलेलं. म्हणाला, "साहेब, अर्धी चंदी सोडलीय." दोन आठवड्यांनी तिच्याच अंतराची रेस होती, अटी जुळत होत्या, मालकांचे पाहुणे यायचे होते. पण खाणं सुटलंय म्हणजे थकवा उतरलेला नाही, म्हणून आम्ही एंट्री टाकली नाही. पाचव्या दिवशी तिनं गव्हाण चाटून साफ केली, तेव्हा कुठे आम्ही प्रॉस्पेक्टस पुन्हा उघडलं.

पुण्याच्या सीझनला आणखी एक काळजी. पावसानं ट्रॅक जड झाला की पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग बघा आणि नाजूक पायाचा घोडा असेल तर नाव काढायची तयारी ठेवा. मे-जूनच्या सुट्टीनंतर घाट चढून आलेल्या घोड्याला पहिल्याच आठवड्यात घालायचा हट्ट धरू नका.

रोज फोन करायचाच असेल तर जरूर करा. विचारा, चंदी संपवली का, आणि पायाला ऊब लागते का, म्हणजे पाय कुठे दुखावलाय का.