केव्हीएममध्ये विंडोज ११ बसवताना न दिसणारी डिस्क

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर केव्हीएमच्या (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक, म्हणजे आभासी यंत्र, चालवणारी लिनक्सची सोय) आभासी यंत्रात विंडोज ११ बसवताना, व्हर्टआयओ प्रकारची डिस्क जोडलेली असूनही इन्स्टॉलरच्या यादीत ती दिसत नव्हती. व्हर्टआयओ ही खऱ्या हार्डवेअरची नक्कल नसून आभासी यंत्रांसाठीच आखलेली वेगवान पद्धत आहे. तिचा ड्रायव्हर (ती ओळखून वापरणारे छोटे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्ये असतो, विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. म्हणून व्हर्टआयओ-विन या विंडोजसाठीच्या ड्रायव्हर-संचाची आयएसओ फाइल (सीडीची प्रतिमा) दुसरी सीडी म्हणून जोडली आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून ‘व्हायोस्टोर’, त्यातील ‘डब्ल्यू११’ व शेवटी ‘एएमडी६४’ हा फोल्डर निवडताच डिस्क यादीत आली. इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरवरही हाच फोल्डर लागतो. डिस्कचा प्रकार साटा (खऱ्या संगणकातील नेहमीच्या डिस्क-जोडणीची नक्कल) ठेवूनही काम भागते. पण त्यात वेग घटतो, त्यामुळे तो मार्ग मला पटत नाही. व्हर्टआयओ नेटवर्क कार्डासाठी त्याच सीडीवरील ‘नेटकेव्हीएम’ ड्रायव्हरही तेव्हाच घ्यावा.