साय-3 रंगाची चमक कमी: दोष स्लाइडचा नव्हता

एकरंगी मायक्रोॲरेत (हजारो जनुकं किती सक्रिय आहेत ते स्लाइडवर एकदम मोजायची पद्धत) प्रत्येक नमुना वेगळ्या ॲरेवर जातो, तुलनेला शेजारी दुसरा रंग नसतो. त्यामुळे लेबलिंग, म्हणजे नमुन्याला चमकणारा रंग जोडणं, फसलं तरी जनुकच मंदावलंय असं वाटतं. इथं तेच झालं. नॅनोड्रॉपवर (थेंबभर द्रावणाचं प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) साय-3 0.3 पिकोमोल, सीआरएनए (मूळ आरएनएवरून बनवलेली, रंग जोडलेली प्रत) 90 नॅनोग्रॅम, दोन्ही प्रति मायक्रोलिटर. पहिल्याला दुसऱ्यानं भागून हजारानं गुणलं तर दर मायक्रोग्रॅम सीआरएनएला 3.3 पिकोमोल रंग, किमान 6 हवा.

मूळ आरएनएचं 260/280 (या दोन नॅनोमीटर तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेची खूण) झक्क 2.0, पण 260/230 फक्त 0.6. म्हणजे पेशींतून आरएनए काढताना वापरलेलं ग्वानिडिन मीठ उरलेलं, आणि ते एन्झाइमांना अडवतं. बहुतेक जण पहिलाच आकडा बघून पुढं जातात!

आरएनएत एक दशांश आकारमान 3 मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच 5.2) आणि अडीचपट थंड इथेनॉल घालून रात्रभर उणे 20 अंशांवर ठेवलं. मग 4 अंशांवर 12,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 12,000 पट) जोरानं 20 मिनिटं फिरवलं. तळाचा गोळा 75 टक्के इथेनॉलनं दोनदा धुतला; तो कडक वाळवला तर विरघळत नाही. कोल्हापूरच्या जुलैत उघडी राहिलेली इथेनॉलची बाटली हवेतलं पाणी ओढते, ताजीच घ्या.

260/230 2.0 झालं, लेबलिंग 9 वर गेलं. आता स्लाइड धुणं: दुसरा वॉश बफर (धुण्याचं द्रावण) 37 अंशांचा. पावसाळ्यात काचेचं भांडंही आधी गरम करा. आणि कंट्रोल एका दिवशी, औषध दिलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी असं कधीच लावू नका, नाहीतर दिवसांमधला फरकच औषधाचा परिणाम वाटेल.