नाताळात आईचा जीव मेटाकुटीला येतो तो या चुकांमुळे

डिसेंबर लागला की मला दरवर्षी तेच मेसेज येतात, चर्चमधल्या मैत्रिणींचे, नव्याने संसाराला लागलेल्या मुलींचे, की ताई खूप दमलेय, नाताळ कधी एकदाचा पार पडतोय असं झालंय. ज्या सणाची आपण चार रविवार वाट बघतो तो लवकर आटपावा असं घरातल्या आईलाच वाटतं याचं मला फार वाईट वाटतं, आणि चीडही येते, कारण चुका दरवर्षी त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळी यादी एकटीने डोक्यात ठेवणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलंय. एका वर्षी धाकटा संडे स्कूलच्या नाताळाच्या नाटकात मेंढपाळ होता. झगा घरून आणा असा मेसेज ग्रुपवर बारा दिवस आधी आला होता, मी वाचला, नंतर बघू म्हटलं आणि विसरले, आणि घरात दुसऱ्या कोणाला तो मेसेज माहीतच नव्हता. 24 तारखेला संध्याकाळी निघायला चाळीस मिनिटं असताना तो म्हणाला, आई माझा झगा? मी जुनी पांढरी चादर फाडली, हाताला काळा दोरा लागला तोच सुईत ओवला, त्याला स्टुलावर उभं करून अंगावरच टाके घालत होते, ओव्हनमधून करपल्याचा वास येत होता, मोठी मुलगी रिबन कुठेय म्हणून ओरडत होती आणि मी सगळ्यांवर ओरडत होते. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आई, मी नाटकात नसलो तर तू रडणार नाहीस ना?" तो झगा मी अजून ठेवलाय, पांढऱ्यावर काळे टाके, एक खांदा वर एक खाली. त्या रात्री चर्चमध्ये शुभवर्तमान वाचलं गेलं तेव्हा मी बसल्या जागी झोपले होते.

यावर उपाय म्हणून सगळे सांगतात की मदत मागा. मला तो शब्दच पटत नाही. मदत मागायची म्हणजे लक्षात मीच ठेवायचं, सांगायचं मीच, आठवण मीच करायची, आणि दुसऱ्याने फक्त हात लावायचा. त्याऐवजी अख्खं काम देऊन टाका, विचार करण्यापासून निस्तरण्यापर्यंत. आमच्याकडे आता चर्चचं सगळं खातं नवऱ्याकडे आहे, ग्रुपवरचे मेसेज, रिहर्सलच्या वेळा, कपडे, कोणाला आणायला-सोडायला जायचं ते. पहिल्या वर्षी मुलाची एक रिहर्सल हुकली आणि मी गप्प बसले, सोपं नव्हतं, पण बसले. उतावळ्या मुलींचं इथेच चुकतं, चार दिवस देतात आणि एखादी गोष्ट चुकली की "त्यापेक्षा मीच करते" म्हणून परत ओढून घेतात. हे वाक्य ज्या घरात बोललं जातं तिथे पुढची दहा वर्षं ते काम आईकडेच राहतं, मी पाहिलंय.

दुसरी चूक पहिलीच्या बरोबर उलटी आहे. एखादी रील बघायची आणि 10 डिसेंबरला जाहीर करायचं की यंदा सगळं साधं, हे बंद ते बंद. शॉर्टकट म्हणून छान वाटतं पण त्यात नेमकी मुलांची जीव की प्राण असलेली गोष्ट कापली जाते आणि तुम्हाला नकोशी झालेली तशीच राहते. मी नोव्हेंबरमध्येच, आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे ते चार रविवार सुरू व्हायच्या आधी, जेवताना प्रत्येकाला विचारते की कोणती एक गोष्ट नसली तर तुला नाताळ वाटणार नाही? एकच सांगायची. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ज्या सजावटीसाठी दोन रात्री जागायचे तिचं नाव एकानेही घेतलं नाही. मुलीने सांगितलं की गव्हाणीत बाळ येशू तिने स्वतः ठेवायचा, बस. मग कापायचं काय ते आपोआप कळलं.

सगळं 25 तारखेच्या आत कोंबू नका. नाताळाचे दिवस बारा असतात, 6 जानेवारीला मागी लोकांचा, म्हणजे बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा सण येतो, तोपर्यंत भेटीगाठी चालतात. मावशीकडे 29 ला गेलं तर मावशी काही रागवत नाही.

भेटवस्तूंचं बजेट आधी ठरवा आणि ते नवरा-बायको दोघांनी ठरवा. फोटोसाठी मुलांना ताटकळत ठेवू नका.

आता एक गोष्ट जी मला खरंच टोचते. दमलेल्या बाईला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था ऐकवायची, येशू घरी आल्यावर ती पाहुणचारात धावत होती आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली होती, की तू मार्थासारखी धावपळ करतेस, मरीयेसारखी प्रभूच्या पायाशी बस. हे ऐकवणारेच अर्ध्या तासाने जेवायला कधी बसायचं म्हणून विचारतात. नीट वाचा, मार्थेची तक्रार काम असण्याची नव्हती, बहिणीने मला एकटीला कामात सोडलं ही होती. येशूने तिला नावाने दोनदा हाक मारली, त्यात मला तरी माया दिसते, तो उतारा बाईला गप्प करायला वापरायचा नसतो. कोणाला खरंच वाटत असेल की आईने बसावं, तर त्याने आधी उठून स्वयंपाकघरात जावं.

मी बसायची जागा आधीच ठरवून ठेवते. ज्यांच्याकडे आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावतात त्यांना माहीत असेल, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, कारण तो आनंदाचा रविवार. मी त्या दिवशी नाताळाचं एकही काम करत नाही, खरेदी नाही, साफसफाई नाही. आणि 24 ला निघायच्या आधी लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माच्या पहिल्या वीस ओव्या, कोणीतरी मोठ्याने वाचतं, पाचेक मिनिटं लागतात, त्या वेळी गॅस बंद आणि मी खुर्चीत.

घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ असेल तर नेहमीसारखंच सगळं करून दाखवायचा हट्ट सोडा. रडू आलं तर मुलांसमोर रडलं तरी चालतं, त्या माणसाचं नाव घ्या, त्याची आठवण काढा. आणि सण होऊन गेल्यावरही दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही असं असेल तर तो सणाचा थकवा समजू नका, प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा.

सामान आवरताना मी एक कागद लिहून गव्हाणीच्या मूर्तींच्या डब्यात ठेवते, काय जास्त झालं, कोण दमलं, कुठे भांडण झालं, कारण पुढच्या डिसेंबरपर्यंत हे सगळं विसरायला होतं आणि डबा मात्र उघडावाच लागतो. मागच्या कागदावर दोनच ओळी आहेत: पाहुणे दोन दिवसांत वाटून बोलवायचे. रिबन मोठीच्या कपाटात आहे.