मृगाआधी उपसा, पण माणूस न उतरवता

खानदेशात सेप्टिक टाकी उपसण्यासाठी वैशाख-ज्येष्ठ हाच योग्य काळ आहे, कारण पावसाळ्यात काळी कपाशीची जमीन फुगून पाणी मुरू देत नाही, शोषखड्डा तुंबतो आणि भूजल वर आलेले असताना रिकामी केलेली टाकी उचलली जाण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. साधारणपणे दर 2 ते 3 वर्षांनी उपसा करावा. मैला उपसणारी गाडी ठरवताना दरापेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात: काम पंप व पाइपनेच होणार का, आणि मैला कोठे रिकामा करणार? दुसऱ्या प्रश्नावर उत्तर टाळले गेले, तर तो बहुधा एखाद्या नाल्यात जातो, असे समजावे. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरणाराही दगावतो.

शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर असावा. मात्र आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या भेगांतून सांडपाणी दूरवर जाऊ शकते, म्हणून पहिल्या पावसानंतर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत तपासून घ्यावे.